तोडलेलें झाड

इ. स. 723 च्या सुमारास जर्मनींतील हेस प्रांतांत, गायस्मार येथें, एक प्रचंड ओक वृक्ष उभा होता. तेथील लोक त्यास मेघगर्जनेच्या देवाचा, म्हणजे डोनाराचा, वृक्ष मानीत. बोनिफेस नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें त्यावर कुऱ्हाड चालविली. भोवतीं जमलेले लोक त्यास शिव्याशाप देत होते. परंतु वीज कांहीं पडली नाहीं, वृक्ष मात्र पडला. बोनिफेसाच्या मृत्यूनंतर (754) थोड्याच वर्षांत विलिबाल्ड ह्यानें त्याचें चरित्र लिहिलें, त्यांत ही हकीकत आहे. गोष्ट सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. विलिबाल्ड मात्र पुढें आणखी एक गोष्ट नमूद करितो, आणि आमच्या मतें तीच अधिक महत्त्वाची आहे. त्या पडलेल्या ओकाच्या लांकडाचें बोनिफेसानें संत पेत्राच्या नांवें एक प्रार्थनामंदिर बांधिलें.

उभें असतां जें झाड त्याज्य होतें, तें तोडल्यावर पवित्र कसें झालें? ह्याचें उत्तर ख्रिस्ती शास्त्रांतच शोधिलें पाहिजे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत, नंदनवनाच्या मध्यभागीं, जीवनाचें झाड आहे; प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत नदीच्या तीरीं, बारा प्रकारचीं फळें देणारें असें, तें पुन्हा दिसतें. ह्या दोन रम्य झाडांच्या मध्यें अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांतील एक कठोर नियम उभा आहे: झाडावर टांगलेला मनुष्य देवाचा शापित होय, त्याचें प्रेत रात्रभर तेथें राहूं देऊं नये. येशूच्या शिष्यांपुढें मोठें संकट होतें तें हेंच. ज्यास ते तारणारा म्हणत, तो त्यांच्याच शास्त्राप्रमाणें शापित मरण मेला होता. त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र ती धर्मसभेपुढें उघड बोलून दाखवितो. पौल गलतीकरांस लिहितांना तो नियमच पुढें मांडतो, आणि हा शाप ख्रिस्तानें आमच्यासाठीं अंगावर घेतला असा त्याचा अर्थ लावितो.

ह्या कामीं ग्रीक भाषेचें त्यांस साहाय्य झालें. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत जीवनाच्या झाडास आणि टांगण्याच्या लांकडास शब्द एकच आहे, क्सुलोन. आपल्या संस्कृतांतील द्रु आणि दारु हे शब्द व इंग्रजींतील ट्री हा शब्द एकाच कुळांतले. तेव्हां लांकूड व झाड ह्यांचें हें ऐक्य आम्हांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. मराठी बायबलांत वधस्तंभ हा शब्द रूढ झाला आहे. तो अचूक खरा, पण स्तंभास पानें फुटत नाहींत.

पहिलीं कांहीं शतकें क्रूसावरील येशूचें चित्र काढण्यास ख्रिस्ती लोक कचरत असत. ती शिक्षा चौथ्या शतकांत बंद पडली. त्यानंतरचें एक आरंभींचें चित्र रोम येथील सान्ता साबिना चर्चच्या लांकडी दारावर आहे, तें सुमारें 430 मधील. पुढें त्याच रोममध्यें, सान क्लेमेन्ते चर्चच्या बाराव्या शतकांतील रंगीत खड्यांच्या चित्रांत, क्रूसाच्या बुंध्यापासून वेलींचे वळसे निघून सबंध घुमट व्यापितात. क्रूसावर बारा पारवे बसले आहेत आणि पायथ्याशीं हरणें पाणी पीत आहेत. तेराव्या शतकांत बोनाव्हेंतुरा ह्यानें तर ‘जीवनवृक्ष’ ह्या लॅटिन ग्रंथांत भक्ताच्या मनासाठीं एक झाडच लाविलें. बारा फांद्या, प्रत्येकीवर एक फळ, आणि प्रत्येक फळाचीं चार ध्यानें. अशा रीतीनें जन्म, यातना व गौरव हें येशूचें सारें चरित्र अठ्ठेचाळीस घांसांत खावयाचें. रचना थोडी आंखीव आहे हें खरें, तथापि रोजच्या चिंतनास अशी सोय हवीच असते.

परंतु आमच्या प्रश्नाचें खरें उत्तर ह्या विद्वान संन्याशापाशीं नसून बोनिफेसाच्याच देशबांधवांपाशीं आहे. उत्तर इटलींतील व्हेर्चेल्ली येथील ग्रंथसंग्रहांत दहाव्या शतकाच्या अखेरीची एक जुन्या इंग्रजीची हस्तलिखित पोथी आहे. तींत क्रूसाच्या स्वप्नाचें एक काव्य आहे, आणि त्यांत बोलतो तो क्रूस. आपण अरण्याच्या कडेस उभें असलेलें झाड होतों, आपणास तोडून नेलें, अपराध्यांचें ओझें वाहावयास लाविलें, अशी तो आपली कर्मकथा सांगतो. शत्रूंस चिरडण्याचें बळ अंगीं असतां त्यास आपल्या धन्याच्या आज्ञेनें ताठ उभें राहावें लागलें. खिळे दोघांच्याहि अंगांत शिरले. इंग्रज योद्ध्याचा धर्म धन्याचें रक्षण करण्याचा. येथें स्वामिनिष्ठेनेंच सेवकास धन्याच्या मरणाचें साधन केलें! ह्याहून दारुण पेंच कोणत्या कवीनें योजिला असेल?

क्रूसाची भक्ति म्हणजे युरोपांतील जुन्या वृक्षपूजेचेंच नवें रूप, असें मानणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस अर्धाच पटतो. पिंपळाचें पावित्र्य त्याच्या उभें असण्यांत आहे. त्यास पाणी घालावें, प्रदक्षिणा करावी, कुऱ्हाड लावूं नये. ख्रिस्ती भक्तीचें झाड तुटल्यावांचून पवित्र होत नाहीं. आणि त्यास फुटणारीं पानें हीं त्या मरणानंतरचीं आहेत. अर्थात् हा भेद ताणूं नये. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ति तोडलेल्या कडुनिंबाचीच असते आणि तिला आपण दारुब्रह्म म्हणतों.

ह्याच काव्याच्या कांहीं ओळी स्कॉटलंडांतील रूथवेल येथें आठव्या शतकांतील सुमारें अठरा फूट उंचीच्या दगडी क्रूसावर रून लिपींत कोरलेल्या आहेत. त्या क्रूसाच्या अरुंद बाजूंवर एक वेल चढत गेली आहे, तींत पक्षी व पशु फळें खात आहेत, आणि अक्षरें त्या वेलीच्या दोहों कडांनीं आहेत. 1642 मध्यें तेथील सुधारक पंथाच्या ख्रिस्ती लोकांनींच तो मूर्तिपूजेचें चिन्ह ठरवून पाडला व फोडला. गायस्मारचीच कुऱ्हाड, पण आतां ती घरच्या झाडावर पडली होती. तुकडे दीडशेंहून अधिक वर्षें विखुरलेले होते. हेन्री डंकन नांवाच्या तेथील पाद्र्यानें ते जुळवून 1823 मध्यें क्रूस आपल्या बागेंत उभा केला. 1887 मध्यें तो चर्चच्या आंत नेला. तेव्हां त्याची उंची छपराखालीं मावेना, म्हणून जमिनींत खड्डा खणून त्यास उभें करावें लागलें. अजूनहि तो तसाच, बुंधा जमिनींत घेऊन, तेथें उभा आहे.