पारोसं पोर

तर झालं असं, की गेल्या शनिवारी आमच्याकडे पाणी नव्हतं. डोंबिवलीकरांना यात नवीन काहीच नाही. मे महिना, सोसायटीच्या गेटवर चिकटवलेली नोटीस आणि घरात शिल्लक अडीच बादल्या. त्यात स्वयंपाक, भांडी, संडास आणि चिरंजीवांची आंघोळ. चिरंजीव वय वर्षे तीन.

सौ. म्हणाली, "आज ओल्या फडक्याने अंग पुसून घेऊ. डॉक्टर म्हणाले होते ना, रोज नाही घातली तरी चालते."

आई म्हणाली, "डॉक्टरांचं डॉक्टरांकडे. पोराला पारोसं ठेवायचं? आमच्या घरात असं कधी झालं नाही."

मी शहाण्या माणसासारखा लॅपटॉपमागे लपलो. (डेडलाईन नव्हती, पण आहे असं दाखवलं.) आणि तिथे बसल्या बसल्या एक प्रश्न डोक्यात शिरला: लहान मुलांना रोज आंघोळ घालायची हे नक्की ठरवलं कोणी? वीकेंड त्यातच गेला. जे सापडलं ते इथे मांडतोय.

आजचे डॉक्टर काय म्हणतात ते आधी उरकून टाकू. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पहिल्या वर्षात आठवड्यातून तीन वेळा आंघोळ पुरेशी असते, फार धुतलं तर त्वचा कोरडी पडते. तिथलेच त्वचारोगतज्ज्ञ 6 ते 11 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान एकदोनदा म्हणतात. शिवाय चिखलात लोळलं, पोहून आलं किंवा घामेजलं की तेव्हा. आता हे शेवटचं कलम लावलं तर मे महिन्यातल्या ठाणे-डोंबिवलीत प्रत्येक पोर रोज सकाळी दहालाच पात्र ठरतं! इथे घामोळं हा खराखुरा आजार आहे. म्हणजे अमेरिकेचा आकडा उचलून इथे चिकटवण्यात काही अर्थ नाही. पण म्हणून आईचा 'रोज म्हणजे रोज' बरोबर ठरतो का?

आईचा मुद्दा मुळात घाणीचा नव्हताच. तो पारोसं असण्याचा होता. हल्ली फारसा ऐकू न येणारा हा शब्द. अर्थ साधा, आंघोळ न केलेला. पण त्यात मळ कमी आणि अपराध जास्त. पारोशाने देवाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही. मला वाटलं, धर्मशास्त्रात मुलांसाठीही असंच काही कडक लिहिलेलं असणार. निघालं उलटंच. गौतम धर्मसूत्र हे आपल्याकडच्या सर्वात जुन्या धर्मसूत्रांपैकी एक, दोन हजार वर्षांहून जुनं. त्यात मुंज होईपर्यंत मुलाला जवळजवळ सगळं माफ आहे. त्याने हवं तसं वागावं, हवं ते बोलावं, हवं ते खावं. त्याला शिवलं तर विटाळही होत नाही. अर्थात हा ग्रंथ मुंज होणाऱ्या घरांसाठीच लिहिलेला. मुलींचा आणि बाकीच्यांच्या पोरांचा विचार त्यात नाही. पण ज्या शास्त्राच्या नावाने पोरांना ओढून मोरीत नेलं जातं, त्यानेच त्यांना मोकळं सोडलं होतं हे वाचून मला भयंकर आनंद झाला. आईला मात्र सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

मग वैद्यकाकडे वळलो. सुश्रुतसंहितेत नवजात बाळाच्या आंघोळीचा भाग आहे. आधी अंगाला तेल, मग कोमट पाणी. ते पाणी वड-पिंपळासारख्या चिकाच्या झाडांच्या सालींच्या काढ्याचं, सुगंधी द्रव्यांचं, कवठाच्या पानांच्या काढ्याचं किंवा तापवलेलं सोनं-रुपं बुडवून कोमट केलेलं. आणि या सगळ्यापुढे तीन अटी: काळवेळ बघून, बाळाच्या प्रकृतीतला दोष बघून आणि आपली ऐपत बघून. ही तिसरी अट मला फार आवडली. बाळाची आंघोळ कशी घालायची ते घरात काय आहे यावरही ठरतं, हे त्या वैद्याला पक्कं माहीत होतं.

आपल्या घरांतून मात्र हे ज्ञान पुस्तकातून आलं नाही, ते आंघोळवालीच्या हातातून आलं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना तिने न्हाऊ घातलंय. लांब केलेल्या पायांवर बाळ पालथं, खोबरेल किंवा तिळाच्या तेलाने चोळणं, टाळू भरणं, मसुराचं किंवा डाळीचं पीठ, हळद, साय, मग कढत वाटेल असं पाणी, बाळाचा टाहो. नंतर शेक, ओवा-वेखंडाची धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळी आणि दोन-तीन तास गाढ झोप. हा सोहळा रोज, पण कायमचा नव्हे. सव्वा महिना, फार तर तीन-चार महिने. त्यात आंघोळ हा एकच भाग होता. बाकी मालीश, ऊब, बाळंतिणीला उसंत, आणि एक अनुभवी बाई रोज उघड्या बाळाकडे नीट बघते आहे ही सोय. नाळ पिकली का, डोळे पिवळे दिसतात का, पोर आज रडतंय का, हे सगळं त्या अर्ध्या तासात तिला कळायचं. (धुरीला आजचे डॉक्टर नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे. बाळाच्या फुप्फुसाला धूर वाईटच.) आणि एक बोचणारी गोष्ट. अनेक गावांत सुईणपण ज्या जातींच्या बायका करायच्या, त्यांनाच एरवी घरात घेत नसत. बाळाला पहिलं हातात घेणारी बाई नंतर उंबऱ्याबाहेर.

पण या हातांनाही सगळी बाळं वाचवता येत नव्हती. इथे आमच्या शेजारच्या कल्याणची गोष्ट येते. 1865 साली जन्मलेली, कल्याणात वाढलेली यमुना जोशी नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवसच जगला. डॉक्टर व्हायची तिची ओढ त्या दहा दिवसांतून आली असं मानतात. 1883 मध्ये ती अमेरिकेला गेली आणि 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली. प्रबंधाला विषय घेतला आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. जगातलं नवं वैद्यक शिकायला गेलेली वीस वर्षांची मुलगी आपल्याकडचं जुनं ज्ञान तिथल्या परीक्षकांसमोर मांडते, यात मला तरी ते दहा दिवसांचं मूल दिसतं. 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावं पुरं व्हायच्या आत ती क्षयाने गेली. तिने शिकलेलं कल्याणच्या एकाही बाळंतिणीच्या उपयोगी पडू शकलं नाही.

तो धागा शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत पुन्हा हाती घेतला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं, श्वास सुरू करणं, स्तनपान, आणि बाळ उबदार ठेवणं. हजारी 62 वर असलेले नवजात मृत्यू 25 च्या आसपास आले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2011 पासून आशा कार्यकर्त्या हीच पद्धत घेऊन देशभर घरोघरी जायला लागल्या. त्यांच्या शिकवणीतली एक ओळ थेट आंघोळीबद्दल आहे: जन्मल्याबरोबर न्हाऊ घालू नका. आपण जी चिकट पांढरी घाण समजतो ती बाळाची शाल असते. ती धुतली आणि अंग गार पडलं की अशक्त बाळ हातचं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये सांगितलं की पहिली आंघोळ 24 तासांनंतर, घरच्या रीतीमुळे अगदीच जमत नसेल तर निदान 6 तास थांबा. म्हणजे बाळाच्या आयुष्यात आंघोळीचा सर्वात महत्त्वाचा दिवस हा न घालण्याचा दिवस आहे!

हे झालं तान्ह्या बाळाचं. चालत्या-बोलत्या पोरांचं काय? त्यासाठी ठाणे जिल्ह्यातच थांबू, फक्त गुजरातच्या हद्दीपर्यंत वर जाऊ. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. आज देशभर चालणारी अंगणवाडी ती हीच. तिथे पहिला तास अक्षरांचा नसायचा. पोरांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. ज्या वस्त्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या पाण्यापासून लांब ठेवलं, त्यांच्या पोरांना शिकलेल्या बायका स्वतःच्या हाताने न्हाऊ घालत होत्या. तिथे आंघोळ म्हणजे पारोसं असण्यावरचा उतारा नव्हता. तू आमचा आहेस, बस इथे, असं सांगणं होतं ते.

आणि आता आमची मोरी. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव-दादरच्या चाळी सोडून माणसं डोंबिवलीत आली. इथे जागा होती, पाणी नव्हतं. विहिरी, बोअरिंग, मग पहाटेचा नळ. 1972 मध्ये एमआयडीसीचं बारवी धरण झालं आणि या पट्ट्याला मोठा आधार मिळाला. उल्हास नदी तर होतीच. पण माणसं धरणापेक्षा वेगाने वाढली. 'रोज सकाळी साबणाने आंघोळ' ही गोष्ट नळ, गॅस आणि साबणाच्या जाहिराती यांनी मिळून पक्की केली असं माझं मत आहे. लाइफबॉय भारतात 1895 पासून आहे, पण पोरांना रोज साबण ही मध्यमवर्गाची अलीकडची चैन. त्याआधी डाळीचं पीठ, शिकेकाई आणि आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हाणं. मराठीत 'आंघोळ' आणि 'न्हाणं' हे दोन शब्द उगाच नाहीत.

इंजिनियर असल्यामुळे हिशोब केला. पोराला रोज एक बादली, समजा 15 लिटर. वर्षाला साडेपाच हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अर्ध्याहून जास्त. आणि हे पाणी नळाला नसेल तेव्हा भरणार कोण, तापवणार कोण, त्या ओरडणाऱ्या पोराला धरून घालणार कोण? 'किती वेळा' या प्रश्नाचं उत्तर देणारे बहुतेक पुरुष, आणि घालणाऱ्या सगळ्या बायका.

हा हिशोब घेऊन रात्री आईजवळ बसलो. विचारलं, "मी लहान असताना चाळीत मला रोज घालायचीस?"

आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "रोज कुठली? पहाटे चारला नळ यायचा, एकेका बिऱ्हाडाला दोन हंडे. वर रॉकेलचा स्टोव्ह. एक दिवसाआड घालायचे. मधल्या दिवशी फडक्याने पुसून, पावडर लावून, गंध लावून बाहेर सोडायचे. कोणाला कळलं नाही कधी."

"मग सकाळी म्हणालीस ते?"

"लोकांना काय सांगायचं? पाणी नाही म्हणून पोर पारोसं आहे म्हणून?"

मी गप्प बसलो. चाळीस वर्षं ती हे एकटीच सांभाळत आली होती. मुद्दा पोराच्या मळाचा कधीच नव्हता. पाणी नव्हतं यात तिचा काय दोष? पण लाज तिच्या वाट्याला आली, कारण पोर तिचं होतं.

ऑफिसात आम्ही नव्या मुलांना सांगतो, जुना कोड आधी कोणी, का लिहिला ते बघा, मग खोडा. आंघोळीचंही तसंच. ऊब, मालीश, रोज पोराकडे नीट बघणं, हे ठेवायचं. पहिल्या दिवसाची घाई, धूर आणि ती लाज, हे खोडायचं. बाकी सुश्रुताच्या तीन अटी आहेतच. घामाच्या दिवसांत रोज दोन तांबे पाणी घाला, साबण गरजेपुरता. थंडीत, तापात किंवा पाणी नसताना पुसून घ्या.

रविवारी दुपारी नळ आला. आईने पाणी तापवलं, चिरंजीवांना पायावर घेतलं आणि आख्खी सोसायटी ऐकेल असा टाहो फुटला. सोमवारी सकाळी पुन्हा धार बारीक होती. आईने फडकं भिजवलं, पिळलं आणि सौ.च्या हातात दिलं. म्हणाली, "घे, कानामागे नीट पूस."

असो. तुमच्याकडे पाणी कधी येतं?