साम्यवादी राजवटींतील धर्मछळ : दोष नास्तिकतेचा की सत्तेचा?

विसाव्या शतकात साम्यवादी राजवटींनी केलेल्या धर्मछळाचा विषय निघाला की दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. काही श्रद्धावंत म्हणतात, "देव नाकारला की माणूस पशू होतो, हा सारा नास्तिकतेचाच परिणाम." उलट अनेक नास्तिक म्हणतात, "तो हुकूमशहांच्या सत्तालालसेचा परिणाम. नास्तिकतेचा त्यात काहीही संबंध नाही." ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीवर अपुरी ठरतात.

अल्बेनिया : राज्यघटनेतील निरीश्वरवाद

अल्बेनियात १९४४ साली एन्वर होक्सा यांची राजवट आली. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या या देशात कॅथोलिक समाज अल्पसंख्य होता. आरंभीच्या छळाचे कारण मुख्यतः राजकीय होते. रोमशी नाते तोडण्यास महागुरूंनी व धर्मगुरूंनी नकार दिला, म्हणून त्यांना परकीयांचे हेर ठरविण्यात आले. महागुरू फ्रानो जिनी यांना १९४८ साली गोळ्या घालण्यात आल्या.

परंतु १९६७ साली छळाचे स्वरूप पालटले. चर्च, मशिदी, मठ मिळून दोन हजारांहून अधिक प्रार्थनास्थळे बंद करण्यात आली. त्यांपैकी काहींची गोदामे, तर काहींची क्रीडागृहे झाली. जगातील पहिले निरीश्वरवादी राष्ट्र अशी घोषणा झाली. १९७६ च्या राज्यघटनेच्या ३७ व्या कलमाने राज्य कोणताही धर्म मानत नाही व निरीश्वरवादी प्रचाराला पाठिंबा देते, असे नमूद केले. फादर श्टेफन कुर्ती यांनी कैदेत असताना एका मातेच्या विनंतीवरून तिच्या बाळाला गुप्तपणे स्नानसंस्कार दिला. त्यासाठी त्यांना प्राण द्यावे लागले.

येथे विचार करण्याजोगा मुद्दा आहे. १९६७ पर्यंत ख्रिस्तसभेची संघटित शक्ती पूर्णपणे मोडून पडली होती. एका तान्ह्या बाळाच्या स्नानसंस्काराने कोणतीही राजवट उलथणार नव्हती. तरीही तो अपराध ठरला, कारण माणसाच्या मनात ईश्वराला जागा उरू नये हेच राज्याचे उद्दिष्ट होते. या छळात नास्तिकतेचा संबंधच नव्हता, असे म्हणणे म्हणजे रक्तसाक्ष्यांची साक्ष पुसून टाकणे होय.

आपल्या परिचयाच्या संत मदर तेरेसा यांनाही या राजवटीची झळ बसली. त्यांची आई व बहीण तिरानात राहत होत्या. आई १९७२ साली व बहीण १९७३ साली निवर्तली. मदरना त्यांची अखेरची भेट घेता आली नाही.

सोव्हिएत संघ : विचारसरणी तीच, धोरण निराळे

आता दुसरी बाजू पाहू. सोव्हिएत राजवट आरंभापासून निरीश्वरवादी होती. १९३१ साली मॉस्कोतील ख्रिस्त तारणाऱ्याचे भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. परंतु सप्टेंबर १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, स्टालिन यांनी ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांना भेटीस बोलावले आणि पॅट्रिआर्कची निवड करण्यास अनुमती दिली. त्यांची विचारसरणी बदलली नव्हती. गरज बदलली होती.

१९४६ साली तर निरीश्वरवादी सत्तेनेच युक्रेनमधील ग्रीक-कॅथोलिक ख्रिस्तसभेला ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बळाने विलीन केले. तिचे प्रमुख योसिफ स्लिपी यांना आदल्याच वर्षी अटक झाली होती; १९६३ साली त्यांची सुटका झाली. देव न मानणाऱ्या राज्याने एका श्रद्धेचा उपयोग दुसरीला चिरडण्यासाठी का करावा? याचे उत्तर केवळ नास्तिकतेत सापडत नाही. प्रजेच्या मनावर आपल्याखेरीज कोणाचाही अधिकार चालू नये, ही राज्याची हाव त्यामागे होती.

केरळचे उदाहरणही बोलके आहे. तेथे १९५७ साली साम्यवादी पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला. शिक्षण विधेयकावरून ख्रिस्तसभेशी त्याचा तीव्र संघर्ष झाला. परंतु तेथे संविधान होते, न्यायालये होती, विरोधक होते. उपासना बंद करण्याचा अधिकार त्या सरकारला नव्हता. १९५९ साली केंद्राने ते सरकार बरखास्त केले.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आनुस' या परिपत्रकात समाजवादाच्या मानवविषयक चुकीच्या कल्पनेचे मूळ नास्तिकतेत असल्याचे म्हटले. ईश्वर नाकारला की व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा पाया ढळतो, असा त्यांचा विचार आहे. हा आरोप विचारसरणीवर आहे, प्रत्येक नास्तिक व्यक्तीवर नव्हे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालीच नास्तिकतेचे अनेक प्रकार असतात हे सांगितले. तिच्या उदयास श्रद्धावंतांचे दोषही कारणीभूत होऊ शकतात हे मान्य केले. आणि न्याय्य समाज घडविण्यासाठी दोघांनी एकत्र काम करावे, असे आवाहन केले.

आपला स्वतःचा इतिहासही विसरता येत नाही. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले व १८१२ साली कायमचे बंद झाले. ते नास्तिकांनी चालविले नव्हते. १२ मार्च २००० रोजी पोप महोदयांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी सत्यासाठी म्हणून योजिलेल्या जुलमी मार्गांबद्दल ईश्वराकडे जाहीर क्षमायाचना केली.

निष्कर्ष

साम्यवादी राज्यांनी अंगीकारलेली नास्तिकता छळाचे कारणही होती आणि शस्त्रही. मात्र ती एकटी पुरेशी नव्हती. तिच्या हाती पोलीस, तुरुंग, शाळा आणि एकमेव पक्ष आल्यावरच ती संहारक झाली. म्हणून शेजारच्या प्रामाणिक नास्तिकाकडे होक्साचा वारस म्हणून पाहणे अन्याय होय. त्याचबरोबर राज्याने कोणतीही श्रद्धा, किंवा श्रद्धेचा अभाव, सक्तीने लादण्याचा प्रयत्न केला तर त्याला विरोध करणे आपले कर्तव्य आहे. मग ते राज्य आपल्याच श्रद्धेचे का असेना.

फादर अर्नेस्ट सिमोनी यांना १९६३ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला अटक झाली. अठरा वर्षे कैद व सक्तमजुरी भोगून १९८१ साली ते सुटले, तरी १९९० पर्यंत त्यांना गटारसफाईचे काम करावे लागले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. आपल्या छळकर्त्यांना त्यांनी क्षमा केली आहे. नास्तिकतेला ख्रिस्ती माणसाने द्यावयाचे याहून समर्पक उत्तर दुसरे नाही.