एक प्रणाली, अनेक बोर्ड : एआरएम प्रोसेसरवरील लिनक्सचा इतिहास

प्रोसेसर, स्मृती आणि सर्व जोडण्या एकाच छापील सर्किटवर बसवलेला, तळहातावर मावणारा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर आणि डेटा सेंटरमध्ये अहोरात्र चालणारा सर्व्हर ही आकाराने, किमतीने आणि उद्देशाने परस्परांपासून फार दूर असलेली यंत्रे आज बहुतेक वेळा एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभी राहून दोघांचा व्यवहार सांभाळणारी प्रणाली. लिनक्स ही अशी प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, आणि तिच्या सर्वव्यापी प्रसाराचे श्रेय सहसा या मोकळिकीलाच दिले जाते. हे श्रेय अर्धेच खरे आहे. परवान्याने बदल करण्याची मुभा दिली, परंतु शेकडो परस्परविसंगत बोर्डांवर एकच प्रणाली चालावी यासाठी यंत्रांचे वर्णन कसे करायचे आणि प्रोग्रॅमांनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलायचे याचे संकेत ठरवावे लागले. ते ठरवण्यात जवळपास दोन दशके गेली, आणि एआरएम प्रोसेसरवरील लिनक्सचा इतिहास हा मुख्यतः त्या संकेतांचा इतिहास आहे.

लिनक्सचा जन्म मात्र अगदी वेगळ्या भूमीवर झाला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या छंदाच्या प्रकल्पाची जाहीर वाच्यता केली, तेव्हा ही प्रणाली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या वैशिष्ट्यांना बांधलेली असून ती दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. १९९२मध्ये तिला जीपीएल हा परवाना मिळाला, ज्याच्या अटीनुसार बदललेली प्रणाली वाटणाऱ्याने बदललेला कोडही खुला करणे बंधनकारक ठरते. या काळात लिनक्सला एका ऐतिहासिक योगायोगाचा मोठा फायदा झाला. १९८१मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीची नक्कल अनेक कंपन्यांनी केल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे संगणक आतून जवळपास सारखे होते, सुरू होताना ते बायोस नावाच्या एकाच पद्धतीच्या प्रारंभिक प्रोग्रॅमवर विसंबून असत, आणि पुढे आलेल्या पीसीआय जोडणीमुळे बसवलेले कार्ड कोणते आहे हे प्रणालीला त्या कार्डालाच विचारता येऊ लागले. त्यामुळे एका पीसीसाठी तयार केलेली लिनक्सची चकती दुसऱ्या पीसीवर चालणे हा नियम झाला. ही एकरूपता बाजारपेठेने आयती दिलेली होती. मुक्तस्रोत चळवळीला ती घडवावी लागली नव्हती.

एआरएमचा उगम इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी १९८१च्या अखेरीस ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आणणाऱ्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३मध्ये स्वतःच्या प्रोसेसरची आखणी सुरू केली. रिस्क, म्हणजे थोड्या आणि साध्या आज्ञांचा संच, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी हाती आलेली पहिली चिप सुमारे २५,००० ट्रान्झिस्टरांची असूनही अपेक्षेप्रमाणे चालली. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवता यावी म्हणून ती कमी तापेल अशी बेतलेली होती. वीज किती लागते हे मोजताना मापकाने शून्य दाखवले, आणि शोध घेतल्यावर वीजपुरवठ्याची जोडणी तुटलेली असून चिप इतर तारांमधून पाझरणाऱ्या प्रवाहावरच चालत होती असे आढळले, ही फर्बर यांनी सांगितलेली हकिगत संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हा अल्पविजेचा गुणच पुढे मोबाइल फोनमध्ये, छोट्या बोर्डांमध्ये आणि अखेरीस विजेच्या बिलाने त्रस्त झालेल्या डेटा सेंटरमध्ये निर्णायक ठरला.

नोव्हेंबर १९९०मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएम ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. ही कंपनी चिप तयार करत नसे, तर चिपचा आराखडा परवान्याने देत असे, आणि परवाना घेणारा उत्पादक त्या आराखड्याभोवती आपापल्या गरजेप्रमाणे स्मृतिनियंत्रक, घड्याळ, जोडण्या आणि चित्रप्रक्रियक बसवत असे. अशा एकत्रित चिपला ‘सिस्टीम ऑन चिप’ म्हणतात. या पद्धतीमुळे एआरएमचा प्रसार प्रचंड झाला, पण दोन एआरएम यंत्रांमध्ये प्रोसेसरच्या आज्ञांखेरीज समान असे जवळजवळ काही उरले नाही. त्यांना बायोससारखा सामायिक प्रारंभ नव्हता, आणि चिपच्या पोटातील भाग स्वतःची ओळखही सांगत नसत. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे हे प्रणालीला आधीच ठाऊक असावे लागे.

ब्रिटनमधील रसेल किंग यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास एकॉर्नच्याच संगणकांवर लिनक्स नेण्यास आरंभ केला, तेव्हा यंत्रे मोजकी असल्याने ही अडचण सोसण्याजोगी होती. प्रत्येक यंत्रासाठी कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, एक स्वतंत्र फाइल लिहिली जाई आणि किंग यांनी चालवलेल्या नोंदवहीत त्या यंत्राला एक क्रमांक मिळे. यंत्र सुरू करणारा प्रारंभिक प्रोग्रॅम हा क्रमांक प्रोसेसरच्या आतील एका ठरावीक स्मृतिकप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, ठेवून कर्नलला हाक देत असे, आणि कर्नल त्यावरून आपण कोठे आहोत हे ओळखत असे. पुढे रास्पबेरी पाय या बोर्डाने वापरलेला क्रमांक ३१३८ होता, यावरून ही नोंदवही किती फुगली होती याची कल्पना येते.

कर्नल चालला म्हणजे प्रणाली पूर्ण झाली असे नसते. त्यावर हजारो उपयोजने आणि लायब्रऱ्या लागतात. ती ‘पॅकेज’ नावाच्या सुट्या फाइलींच्या रूपाने एकत्र बांधून देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि या इतिहासात डेबियन या डिस्ट्रिब्युशनचे स्थान मध्यवर्ती आहे. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवकांचा असून अनेक प्रकारच्या प्रोसेसरांना समान वागणूक देणे हा त्याचा आग्रह होता. ऑगस्ट २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीत एआरएमचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. प्रत्येक पॅकेज त्या त्या प्रोसेसरच्या खऱ्या यंत्रावरच कंपाइल करायचे, म्हणजे सोर्स कोडचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करायचे, ही डेबियनची शिस्त असल्याने मंद गतीची एआरएम यंत्रे दिवसचे दिवस पॅकेजे तयार करत राहत. ज्या प्रोसेसरची यंत्रे या कामात मागे पडत, त्याचा अधिकृत दर्जा धोक्यात येई.

या टप्प्यावरील अनुभवाचे चांगले उदाहरण म्हणजे लिंक्सिस कंपनीचे २००४मधील एनएसएलयू-२ हे उपकरण. घरच्या नेटवर्कवर यूएसबी हार्ड डिस्क जोडून देणे एवढेच त्याचे काम होते. त्यात एआरएम जातीचा इंटेलचा प्रोसेसर, ३२ एमबी स्मृती आणि ८ एमबी फ्लॅश होती, आणि पडदा किंवा कळफलक जोडण्याची सोय नव्हती. कंपनीने आत लिनक्सच वापरले असल्याने हौशी प्रोग्रॅमरांनी ते उघडून त्याचा छोटा सर्व्हर केला, आणि एप्रिल २००७च्या डेबियन ४.०मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला. पडदा नसल्यामुळे डेबियन चढवण्याचे सारे टप्पे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे पार पाडावे लागत, पण नेटवर्कच्या भागाला लागणारा इंटेलचा सूक्ष्म-कोड मुक्त परवान्याचा नसल्याने डेबियनला तो आपल्या संचात घालता येत नसे. परिणामी ज्या मार्गाने प्रणाली चढवायची तो मार्गच अधिकृत संचात बंद होता, आणि वापरणाऱ्याला तो कोड घातलेली अनधिकृत प्रतिमा शोधावी लागे. छोट्या यंत्रांच्या बाबतीत मोकळिकीची सीमा कोठे येते हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्यांची घटती संख्या आणि त्यांचे घटते प्रत्यक्ष ज्ञान पाहून एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचा हा बोर्ड ३५ डॉलरचा होता, आणि त्याच्या मॉडेल ए व मॉडेल बी या नावांत बीबीसी मायक्रोच्या त्याच नावांच्या मॉडेलांचे स्मरण होते. मात्र किमतीच्या मर्यादेत बसणारी ब्रॉडकॉमची चिप जुन्या, एआरएमच्या सहाव्या पिढीतील होती आणि तिने डेबियनपुढे एक विचित्र पेच उभा केला. अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग या चिपमध्ये होता. डेबियनची जुनी एआरएम आवृत्ती असा भाग नाही असे गृहीत धरून ती आकडेमोड साध्या आज्ञांनी, म्हणून फार सावकाश, करत असे. नवी आवृत्ती तो भाग वापरत असे, पण तिला सातव्या पिढीचा प्रोसेसर हवा होता. दोन्ही आवृत्त्यांत एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे अपूर्णांक कोणत्या रजिस्टरमधून सोपवतो याचा संकेतच वेगळा असल्याने त्यांची पॅकेजे एकमेकांत मिसळता येत नव्हती. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी छोट्या एआरएम बोर्डांचा ताफा जोडून डेबियनची हजारो पॅकेजे या मधल्या चिपसाठी नव्याने कंपाइल केली. ‘रास्पबियन’ नावाने ओळखला गेलेला हा संच २०१२च्या जुलैपासून त्या बोर्डाची शिफारस केलेली प्रणाली झाला. परवाना मुक्त होता म्हणूनच हे काम दोन स्वयंसेवकांना करता आले, परंतु संकेत जुळले असते तर ते करण्याची गरजच पडली नसती.

दरम्यान कर्नलमध्येही असंतोष साचला होता. प्रत्येक चिप-उत्पादक आपापल्या फाइली भरत राहिल्याने एआरएमचा विभाग बेसुमार वाढला, आणि २०११च्या वसंतात टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीरपणे व कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्यावरील उपाय जुन्याच ठेव्यातून आला. सन कंपनीच्या यंत्रांपासून चालत आलेल्या आणि पॉवरपीसी प्रोसेसरवर रुळलेल्या ‘डिव्हाइस ट्री’ या पद्धतीत बोर्डाचे वर्णन कर्नलच्या बाहेर, एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असते: स्मृती किती, कोणता भाग कोणत्या पत्त्यावर, कोणाची तार कोणाला जोडलेली. सुरू होताना कर्नलला क्रमांकाऐवजी ही फाइल दिली जाते. तिचे महत्त्व रास्पबेरी पायच्याच उदाहरणाने कळते. पहिल्या बोर्डात चिपवरील उपकरणांचे पत्ते हेक्साडेसिमल पद्धतीत २००००००० या आकड्यापासून सुरू होत. फेब्रुवारी २०१५मध्ये आलेल्या दुसऱ्या बोर्डात ते ३एफ०००००० येथे हलले. ज्या प्रोग्रॅमांत जुना पत्ता थेट लिहिलेला होता ते नव्या बोर्डावर निकामी झाले, तर जे तो आकडा वर्णनातून वाचत होते ते बदलाविना चालले.

डिसेंबर २०१२मध्ये प्रसिद्ध झालेली कर्नलची ३.७ ही आवृत्ती या दृष्टीने वळणबिंदू मानावी लागेल, कारण एकच कर्नल अनेक उत्पादकांच्या एआरएम चिपांवर चालण्याची सोय आणि एआरएमच्या नव्या ६४-बिट रचनेचा पाठिंबा या दोन्ही गोष्टी तिच्यात एकदम आल्या. पहिलीने बोर्डांचे विखुरलेपण आटोक्यात आणले, दुसरीने सर्व्हरचा मार्ग उघडला.

सर्व्हरचा बाजार मात्र केवळ कमी विजेवर भुलणारा नव्हता. ३२-बिट एआरएम चिपांचे सर्व्हर घडवू पाहणारी ऑस्टिन येथील कॅल्झेडा ही कंपनी डिसेंबर २०१३मध्ये बंद पडली. सर्व्हर विकत घेणाऱ्या संस्थांची अपेक्षा अशी होती की आज घेतलेली प्रणाली उद्या तयार होणाऱ्या यंत्रावरही सुरू व्हावी, आणि बोर्डागणिक वेगळी वर्णनफाइल सांभाळणे त्यांना मान्य नव्हते. जानेवारी २०१४मध्ये एआरएम कंपनीने सर्व्हरांसाठी किमान समान रचनेचे मानक जाहीर केले. त्याच्या जोडीला पीसीच्या जगातील यूईएफआय हा प्रारंभिक प्रोग्रॅम आणि यंत्राचे वर्णन देणारी एसीपीआय ही तक्त्यांची पद्धत घेण्याचे ठरले. डिव्हाइस ट्री नुकतीच रुळवलेल्या प्रोग्रॅमरांना ही दुसरी पद्धत अनावश्यक वाटली, आणि बऱ्याच वादानंतर जून २०१५च्या ४.१ या आवृत्तीत ती ६४-बिट एआरएमसाठी स्वीकारली गेली. त्यानंतर घटना वेगाने घडल्या: नोव्हेंबर २०१८मध्ये ॲमेझॉनने स्वतःच्या ‘ग्रॅव्हिटॉन’ एआरएम चिपवर चालणारे सर्व्हर भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि जून २०२०मध्ये जपानमधील कोबे येथील ‘फुगाकू’ हा एआरएम प्रोसेसरांचा, लिनक्सवर चालणारा महासंगणक जगातील सर्वांत वेगवान ठरला.

छोटे बोर्ड आणि सर्व्हर या दोन प्रवाहांची गाठ पॅकेजांच्या पातळीवर पडली. डेबियनमध्ये ६४-बिट एआरएमचा अधिकृत समावेश एप्रिल २०१५च्या आठव्या आवृत्तीत झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये रास्पबेरी पायची ६४-बिट प्रणाली चाचणीच्या अवस्थेतून बाहेर पडली, तेव्हा तिला रास्पबियनसारखा वेगळा संच घडवावा लागला नाही. तिची बहुतांश पॅकेजे थेट डेबियनच्या भांडारातून येतात, आणि पॅकेजची तीच फाइल, एकही बिट न बदलता, भाड्याच्या एआरएम सर्व्हरवरही चढवता येते. शाळेतील बोर्डावर लिहून तपासलेला प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता डेटा सेंटरमध्ये नेता येणे ही सोय आज गृहीत धरली जाते, पण तिच्यामागे अपूर्णांक सोपवण्याच्या संकेतापासून यंत्राच्या वर्णनापर्यंतच्या अनेक तडजोडी आहेत.

ही एकरूपता पूर्ण मात्र झालेली नाही. रास्पबेरी पायमध्ये वीज आल्यावर प्रथम जागा होतो तो चित्रप्रक्रियक, आणि एआरएम प्रोसेसरला जागे करणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड आजही खुला नाही. इतर अनेक उत्पादकांचे बोर्ड विक्रीच्या वेळी दिलेल्या जुन्या कर्नलवरच अडकून पडतात, कारण त्यांच्या चिपांचे वर्णन मुख्य कर्नलपर्यंत कधी पोहोचतच नाही, आणि आर्मबियनसारखे स्वयंसेवी प्रकल्प ती उणीव भरून काढत राहतात. सर्व्हरच्या बाबतीत ग्राहकाच्या पैशाने मानक लादता आले; ३५ डॉलरच्या बोर्डाच्या ग्राहकाजवळ तसे बळ नसते. म्हणून स्वस्त बोर्ड किती वर्षे उपयोगी राहील हे त्याच्या प्रोसेसरच्या वेगापेक्षा त्याचे वर्णन कोणी, कोठे आणि किती नेटके लिहून ठेवले आहे यावर अधिक अवलंबून असते.