राजाज्ञा पोहोचली, शेत मात्र पडीक: पांडवलेणी ते एसएसएच

१/ किल्ली नोंदवलेली असूनही दूरचा सर्व्हर ‘परवानगी नाही’ म्हणतो, तेव्हा दोष कुठे शोधावा? याचे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे एक उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत, लेणे क्र. ३ मध्ये, ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे.

२/ राज्यवर्ष १८. गौतमीपुत्र सातकर्णी सेनेच्या विजयी छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा धाडतो: पूर्वी उषवदाताकडे असलेले कखडी गावचे २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे, राजपुरुषांनी त्यात शिरू नये.

३/ राजा दूर, अंमलदार गोवर्धनात. म्हणून आज्ञेचा माग लेखातच नोंदवला आहे: आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने लिहिली, दस्त अमुक दिवशी दिला. दानाची रीतसर नोंद करण्याचाही हुकूम आहे.

४/ राज्यवर्ष २४. आता अमात्य श्यामक. राजा व राजमाता कळवतात: कखडीचे शेत कसले जात नाही, गावात वस्तीही नाही. आज्ञा खरी होती, नोंदीचा हुकूमही होता. तरी भिक्षूंच्या हाती धान्य येणार कुठून?

५/ आता १९९५, हेलसिंकी. विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी एसएसएच रचले. यात किल्ल्यांची जोडी असते: खाजगी किल्ली आपल्यापाशी, सार्वजनिक किल्ली दूरच्या सर्व्हरवरील खात्याच्या यादीत. अशा जोडीची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली होती.

६/ प्रवेश नाकारला की नवशिका पुन्हा पुन्हा नवी किल्ली घडवतो. आधी पलीकडची जमीन पाहावी. सार्वजनिक किल्ली योग्य खात्याच्याच यादीत आहे का? ती एका अखंड ओळीत आहे का? ती फाइल, तिचा फोल्डर किंवा खात्याचे मूळ फोल्डर इतरांना बदलता येते का? येत असेल, तर सर्व्हर त्या यादीवर विश्वासच ठेवत नाही. फोल्डरला ७०० व फाइलला ६०० परवानगी द्यावी. नकाराचे खरे कारण बहुधा सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडते. बाहेरच्याला ते मुद्दामच सांगितले जात नाही.

७/ सातकर्णीनेही जुनाच हुकूम पुन्हा धाडला नाही. जागेवरची स्थिती नमूद करून नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीतून १०० निवर्तने दिली. हा दस्त प्रतिहारी लोटा हिने लिहिला. जुनी आज्ञाही खोडलेली नाही. दोन्ही लेख त्याच लेण्यात आहेत.