आरएसआय, एक मेकॅनिकल इंजिनिअर आणि माझे दहा हजार

28 फेब्रुवारी 2020, शुक्रवार. निफ्टी 431 अंकांनी आपटून 11,201 ला बंद झाला. त्या दुपारी मी आयुष्यातला पहिला 'अभ्यास करून' केलेला सौदा केला. नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. अभ्यास म्हणजे काय, तर चार्टच्या खाली आरएसआय नावाची एक रेघ असते. ती 30 च्या खाली गेली की माल 'ओव्हरसोल्ड', घ्यायचा. 70 च्या वर गेली की 'ओव्हरबॉट', विकायचा. झाला अभ्यास. रेघ 30 च्या खाली होती, म्हणून मी तीस हजारांचे निफ्टीबीज घेतले आणि संध्याकाळी रूममेट्सना बिर्याणी खिलवली (तेही पैसे आता टोचतात).

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडून 7,610 वर आला. आरएसआय आधीही तळाला होता, आताही तळालाच होता. मी घाबरून विकून टाकलं. तिसाचे वीस झाले. आणि कळस म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेघ 70 च्या वर गेली म्हणून मी परत आत शिरलोच नाही. 1 जानेवारी 2021 ला निफ्टी 14,000 च्या वर बंद झाला, तेव्हा मी एफडीत होतो :)

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मामेभावाचा मेसेज. "दादा, अमुक शेअरचा आरएसआय 28 आहे. घेऊ का?" तो आत्ताच नोकरीला लागलाय. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त दहा हजारांची जखम होती. म्हटलं, हा आकडा आला तरी कुठून ते एकदा बघावं. तर मंडळी, हा शनिवार त्यात गेला.

आरएसआयचा बाप म्हणजे जे. वेल्स वाइल्डर, अमेरिकन माणूस. नौदलात विमानांचा मेकॅनिक, मग मेकॅनिकल इंजिनिअर, मग जमीनजुमल्याचा धंदा, आणि तिथून वायदेबाजार. 1978 साली त्याने 'न्यू कॉन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स' हे पुस्तक काढलं. आज आपल्या ट्रेडिंग ॲपच्या मेनूत दिसणारे आरएसआय, एटीआर, एडीएक्स आणि पॅराबोलिक एसएआर हे चारही इंडिकेटर त्या एकाच पुस्तकातले. एकाच माणसाचा कोड चाळीसेक वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे असं समजा.

काळ लक्षात घ्या. 1971 मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध सुटला. 1972 मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून प्रचंड धान्य उचललं. 1973 मध्ये सोयाबीन 12 डॉलर बुशेलच्या वर गेलं, आणि त्याच वर्षी तेलाचा धक्का बसला. वायद्याचे भाव वेड्यासारखे वरखाली होत होते, आणि मार्जिन भरून बसलेल्या माणसाला कंपनीच्या ताळेबंदाचा आधार नव्हता. सोयाबीनला कसला ताळेबंद! त्याच्याकडे फक्त भाव होते, ग्राफपेपर होता आणि कॅल्क्युलेटर.

'मोमेंटम' त्याच्या आधीपासून होतंच. आजच्या भावातून दहा दिवसांपूर्वीचा भाव वजा करायचा, झालं मोमेंटम. (फिजिक्सवाल्यांनी इथे रागावू नये. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. इथे वस्तुमानाचा पत्ता नाही, फार तर वेग आहे.) या वजाबाकीत तीन अडचणी आहेत असं वाइल्डर म्हणतो. एक, दहा दिवसांपूर्वी भावाने मोठी उडी मारली असेल, तर आज काहीही न घडता रेघ उडते, कारण ती उडी आज खिडकीतून बाहेर पडली. दोन, सोयाबीनची रेघ आणि चांदीची रेघ एकाच मापाने वाचता येत नाही. तीन, मागचे सगळे आकडे सांभाळत बसावं लागतं.

ही तिसरी अडचण मला सगळ्यात आवडली. आपण मेमरीचा विचार सोडून दिलाय, पण त्याची मेमरी म्हणजे वहीचं पान. त्याने काय केलं? पहिल्या 14 दिवसांची चढ आणि उतार यांची सरासरी एकदाच काढायची. पुढे रोज, कालची सरासरी गुणिले 13, अधिक आजचा आकडा, भागिले 14. बस. चढाची एक सरासरी आणि उताराची एक, एवढे दोन आकडे आणि कालचा भाव वहीत ठेवले की बाकी सगळं फेकून द्या. जुनी उडी एकदम बाहेर पडत नाही, हळूहळू विरते. म्हणजे पहिली अडचण आणि तिसरी अडचण एकाच फटक्यात गेली. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात याच प्रकारच्या फिल्टरवर आम्ही मार्क घालवले होते. दुसऱ्या अडचणीसाठी सगळं 0 ते 100 मध्ये बसवलं. वा! (इंजिनिअर माणूस, शंका नाही.)

मग कपाटातून कॉलेजचा कॅसिओ कॅल्सी काढला आणि माझा 28 फेब्रुवारी हाताने मांडला. आधीच्या 14 सत्रांत निफ्टी वर बंद झाला तो फक्त तीन दिवस, मिळून साधारण 300 अंक. उरलेल्या अकरा दिवसांत पडला सुमारे 1,200 अंक. वाइल्डरचं सूत्र पुस्तकात भीतीदायक दिसतं, पण सोडवलं तर चढ भागिले (चढ अधिक उतार), गुणिले 100. म्हणजे 300 भागिले 1,500. उत्तर 20. (ही सुरुवातीची साधी सरासरी. ॲपमध्ये जुने दिवसही विरत आलेले असल्यामुळे आकडा थोडा वेगळा दिसतो.)

आता या 20 चा अर्थ काय? गेल्या चौदा दिवसांत भाव एकूण जेवढा हलला, त्यातलं 20 टक्के हलणं वर होतं आणि 80 टक्के खाली. एवढंच! स्वस्त आहे, विकणारे थकले आहेत, आता वळणार, यातलं काहीही त्या भागाकारात नाही. ते सगळं 'ओव्हरसोल्ड' या शब्दात आहे, आणि शब्द सूत्रात नसतो. शिवाय 0 ते 100 ही मोजपट्टी दिसायला सुंदर असली तरी भावाला तळ नाही. रेघ 20 वर बसून राहते आणि खाली निफ्टी साडेतीन हजार अंक उतरतो.

वाइल्डरला हे कळत नव्हतं असं नाही. त्याच्या लेखी 70 च्या वर शिखरं आणि 30 च्या खाली तळ बहुधा तयार होतात, पण सौद्यासाठी तो पुढची खूण बघायला सांगतो. म्हणजे रेघ 30 च्या खालून वर आली, पुन्हा उतरली पण 30 ला न शिवता वळली आणि आधीचा उंचवटा ओलांडला, तर खरी. किंवा भाव नवा तळ करतोय आणि रेघ करत नाहीये, तर लक्ष द्या. एवढा सगळा मजकूर गळून आपल्यापर्यंत '30 ला घे, 70 ला विक' इतकंच पोचलं. एखाद्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन न वाचता फंक्शन कॉल करतो ना आपण, तसं.

आणि 14? महिनाभराचं नैसर्गिक चक्र 28 दिवसांचं, त्याचं अर्धं 14. चंद्र! बाजार आठवड्यातून पाच दिवस चालतो, चंद्र सातही, पण असो. 1980 च्या दशकात पीसी आले, सॉफ्टवेअरवाल्यांनी 14, 70, 30 डिफॉल्ट म्हणून टाकले आणि मग ते कोणी बदलले नाहीत. आपल्याकडे एनएसईचे स्क्रीनवरचे शेअर-व्यवहार नोव्हेंबर 1994 मध्ये सुरू झाले. पुढे ते स्क्रीन घराघरांत आणि मग फोनवर आले, तेव्हा हे आकडेही सोबत आले.

गंमत पुढे आहे. 1993 मध्ये नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी 1965 ते 1989 चे अमेरिकन शेअर तपासले. गेल्या सहा महिन्यांत जे सर्वांत जास्त चढले ते घ्या, जे सर्वांत जास्त पडले ते विका, सहा महिने धरा. सरासरी वर्षाला 12 टक्क्यांच्या आसपास जादा परतावा. यालाही नाव मोमेंटमच! म्हणजे एक मोमेंटम म्हणतं फार चढलंय, वीक. दुसरं म्हणतं फार चढलंय, घे. पण याच जेगदीशने 1990 मध्ये दाखवलं होतं की एका महिन्याच्या मापाने बघितलं तर शेअर उलटे वळतात. मग दोन्ही खरं असू शकतं, तुम्ही कुठल्या कालावधीचं बोलताय त्यावर ठरतं. मी मात्र चौदा दिवसांच्या रेघेवर बघून महिनोन् महिने एफडीत बसलो होतो. (एनएसईचा 'निफ्टी200 मोमेंटम 30' हा निर्देशांक 2020 मधला. तो सहा आणि बारा महिन्यांची चाल मोजतो, आरएसआय नव्हे.)

वाइल्डर स्वतः पुढे कुठे गेला? 1987 मध्ये त्याने 'ॲडम थिअरी' मांडली, जिचा गाभा असा की बाजार जिकडे चाललाय तिकडेच जा. 1991 मध्ये 'डेल्टा फिनॉमिनन', त्यात सूर्य, चंद्र आणि भावांच्या लाटा. 2021 मध्ये तो गेला. त्याच्या वहीतला भागाकार आजही बाजार चालू असेपर्यंत कोट्यवधी स्क्रीनवर दर सेकंदाला होतोय.

मामेभावाला मी शेवटी घे किंवा घेऊ नको यातलं काहीच सांगितलं नाही. त्याच्या शेअरचे चौदा दिवसांचे चढ-उतार मांडून पाठवले आणि विचारलं, यात स्वस्त कुठे लिहिलंय ते दाखव. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.