चवदार तळे सत्याग्रहावरील प्रतिक्रिया

महाड येथील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रीपुरुषांनी पाणी प्राशन केले. या घटनेवर महाडमधील सवर्ण रहिवासी, परिषदेचे प्रतिनिधी, वृत्तपत्रे, राजकीय नेते, नगरपालिका, शासन आणि न्यायालये यांनी दिलेल्या प्रतिक्रियांची माहिती या लेखात आहे. तळ्यावर जाण्याची कृती एका दुपारची होती. तिच्यावरील प्रतिक्रिया मात्र दहा वर्षे चालू राहिल्या आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने या प्रकरणाचा कायदेशीर शेवट झाला. एका ठरावाची अंमलबजावणी म्हणून सुरू झालेल्या या प्रसंगाला व्यापक चळवळीचे रूप मिळण्यास या प्रतिक्रियाच मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्या.

पार्श्वभूमी

महाड हे त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) सावित्री नदीच्या खोऱ्यातील व्यापारी गाव होते. महाड परिसरातील महार समाजात लष्करी सेवेची परंपरा होती. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळ गावचे होते. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार विचारला होता. त्यामुळे १९२७ च्या परिषदेपूर्वीच या भागात जागृतीची एक पिढी होऊन गेली होती.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात मात्र अस्पृश्यांना तळ्यावर जाता येत नव्हते. ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांनी १९२६ मध्ये मांडला व तोही संमत झाला.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आदी कार्यकर्त्यांचा परिषदेच्या कार्यात सहभाग होता. परिषदेला लागणारे पाणी गावातील सवर्णांकडून विकत घ्यावे लागले आणि त्यासाठी चाळीस रुपये खर्च आला. गावात सार्वजनिक तळे असताना पिण्याचे पाणी विकत आणावे लागणे, हीच परिषदेच्या मागणीमागील वस्तुस्थिती होती.

वार्ता पसरण्याची साधने

त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती आणि मुंबईचे नभोवाणी केंद्रही जुलै १९२७ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर चार महिन्यांनी सुरू झाले. त्यामुळे घटना ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांच्याखेरीज इतरांपर्यंत ती तोंडी वार्ता, पत्रके, सभा आणि वृत्तपत्रे यांतूनच पोहोचली. पहिल्या काही तासांत अफवेचा प्रभाव अधिक होता. छापील वृत्तान्त आणि त्यांवरील वादविवाद त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाले. पहिल्या दिवसाची हिंसक प्रतिक्रिया आणि पुढील महिन्यांतील वैचारिक प्रतिक्रिया यांत दिसणारा फरक समजून घेताना ही बाब लक्षात घ्यावी लागते.

तत्काळ प्रतिक्रिया

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. त्यानंतर प्रतिनिधी मिरवणुकीने व शिस्तीने तळ्यावर गेले. आंबेडकर यांनी प्रथम पाणी प्राशन केले व त्यांच्या पाठोपाठ इतरांनी. तळ्यावर त्या वेळी प्रतिकार झाला नाही. मिरवणूक परतल्यानंतर सुमारे दोन तासांनी, अस्पृश्य आता वीरेश्वर मंदिरात शिरणार आहेत, अशी अफवा गावात पसरली. लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने परिषदेच्या मंडपावर तसेच रस्त्यांत विखुरलेल्या प्रतिनिधींवर हल्ला केला. भोजनाची तयारी उधळून अन्न मातीत मिसळण्यात आले. हल्ल्यात अनेक जण जखमी झाले. जखमींमध्ये स्त्रियाही होत्या. काही प्रतिनिधींना गावातील मुसलमान कुटुंबांनी घरांत आश्रय दिला. आपापल्या गावी परतणाऱ्यांनाही वाटेत व गावात पोहोचल्यावर मारहाण झाली.

मंदिरप्रवेशाचा कोणताही बेत नाही, असे आंबेडकर यांनी जमावाला समजावून सांगितले. परिषदेच्या बाजूला निवृत्त सैनिकांची संख्या मोठी होती आणि प्रतिकार करण्यास ते तयार होते. आंबेडकर यांनी त्यांना संयम राखण्यास सांगितले व त्यांनी तो राखला. या संयमाचा उल्लेख पुढे घटनेवर लिहिणाऱ्या अनेकांनी केला.

दुसऱ्या दिवशी सनातनी मंडळींनी तळ्याचे शुद्धीकरण केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळण्यात आले आणि मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. मुसलमान व ख्रिस्ती व्यक्तींच्या वापराने हे तळे बाटल्याचे मानले जात नव्हते. त्यामुळे या विधीने विषमतेचे स्वरूप अधिक उघड केले, अशी टीका समकालीन सुधारकांनी केली.

हल्ल्याबद्दल खटला भरण्यात आला. ६ जून १९२७ रोजी पाच आरोपींना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली.

वृत्तपत्रांतील प्रतिक्रिया

‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी प्रसिद्ध झाला. महाड येथील घटनेची बाजू मांडण्याचे ते प्रमुख साधन ठरले. आंबेडकर यांनी त्यातील लेखांतून तीन मुद्दे सातत्याने मांडले. एक, तळ्यावर जाणे ही कृपेची याचना नसून सार्वजनिक मालमत्तेवरील समान हक्काचा वापर आहे. दोन, अंमलबजावणीची व्यवस्था नसलेले ठराव निरर्थक ठरतात, म्हणून शासनाने ते मोडणाऱ्यांवर कारवाई केली पाहिजे. तीन, प्रश्न केवळ पाण्याचा नसून माणूस म्हणून मिळणाऱ्या दर्जाचा आहे.

पुण्यातील ‘भाला’ या सनातनी विचारांच्या पत्राने सत्याग्रहावर कडक टीका केली आणि ‘बहिष्कृत भारत’ने तिला उत्तर दिले. पाणी पिण्याच्या हक्काला तत्त्वतः मान्यता देऊन वेळ व पद्धत चुकली असे म्हणणारा एक मध्यम मतप्रवाहही होता. समाजाची मने आधी तयार करावीत आणि हक्क नंतर मागावा, असे त्याचे म्हणणे होते. मने तयार होण्याची वाट पाहण्याचा सल्ला नेहमी अन्याय सोसणाऱ्यालाच का दिला जातो, हा आंबेडकर यांच्या बाजूचा प्रतिप्रश्न होता.

राजकीय व सामाजिक नेत्यांच्या प्रतिक्रिया

महात्मा गांधी यांनी ‘यंग इंडिया’च्या २८ एप्रिल १९२७ च्या अंकात या घटनेवर लिहिले. कायदेमंडळाचा आणि नगरपालिकेचा ठराव कसोटीला लावण्याचा आंबेडकर यांचा सल्ला योग्य होता, असे मत त्यांनी दिले. मार खाऊनही अस्पृश्यांनी राखलेल्या संयमाची त्यांनी प्रशंसा केली आणि हल्लेखोरांच्या वर्तनाचा निषेध केला.

रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले विनायक दामोदर सावरकर यांनीही महाड येथील सत्याग्रहाला जाहीर पाठिंबा दिला.

ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण चळवळीतून ब्राह्मण कार्यकर्त्यांना वगळावे अशी अट घातली. आंबेडकर यांनी ही अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण जातीत जन्मलेल्या व्यक्तींना नसून उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. परिषदेच्या कार्यकर्त्यांत सहस्रबुद्धे हे ब्राह्मण तर चित्रे व टिपणीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील होते.

नगरपालिकेची माघार व दुसरी परिषद

महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या ठरावाच्या आधारे प्रतिनिधी तळ्यावर गेले होते, तो आधारच त्यामुळे काढून घेतला गेला. या निर्णयानंतर डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. त्यास विरोध करणाऱ्यांनी न्यायालयाचा मार्ग घेतला. चवदार तळे खासगी मालकीचे असून ते वापरण्याचा हक्क केवळ स्पृश्य हिंदूंना आहे, असा दावा महाडच्या दिवाणी न्यायालयात १२ डिसेंबर १९२७ रोजी दाखल झाला. न्यायालयाने १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम दिला.

गावातील बहिष्काराची प्रतिक्रियाही तीव्र होती. परिषदेसाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापारी माल विकणार नाहीत हे गृहीत धरून धान्याचा साठा आधीच करण्यात आला. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी गेले.

परिषद २५ डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाली. अध्यक्षीय भाषणात आंबेडकर यांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या व पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार त्याच रात्री मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. सनातनी वर्तुळात या दहनाने मोठा क्षोभ निर्माण झाला. परदेशी कापडाची होळी चालते तर विषमतेला मान्यता देणाऱ्या ग्रंथाची का चालू नये, अशा आशयाचे उत्तर ‘बहिष्कृत भारत’ने टीकाकारांना दिले.

मनाई हुकूम असतानाही तळ्यावर जावे, असे मत परिषदेत प्रबळ होते आणि ३,८८४ जणांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली. जिल्हाधिकारी हूड यांनी परिषदेत येऊन न्यायालयाचा हुकूम पाळण्याचे आवाहन केले. आपला झगडा सनातनी मंडळींशी आहे, हुकूम मोडल्यास तो सरकारशी होईल, असे सांगून आंबेडकर यांनी सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा सल्ला दिला. दूरदूरच्या गावांहून मार व बहिष्कार सोसण्याच्या तयारीने आलेल्या प्रतिनिधींना हा निर्णय स्वीकारणे सोपे नव्हते. तरीही परिषदेने तो स्वीकारला. प्रतिनिधींनी गावातून मिरवणूक काढली, पण तळ्याच्या पाण्याला स्पर्श केला नाही.

स्त्रियांचा प्रतिसाद

दुसऱ्या परिषदेच्या अखेरीस आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. स्वच्छता, मुलींचे शिक्षण आणि जातीची खूण ठरणारी वेशभूषा व दागिने सोडणे हे त्याचे विषय होते. उपस्थित स्त्रियांनी त्यास लगेच प्रतिसाद देऊन लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. चित्रे व टिपणीस यांच्या घरांतील स्त्रियांनी त्यांना साहाय्य केले. सार्वजनिक सभेतील भाषणाचा परिणाम घरगुती जीवनात त्वरित दिसल्याचे हे उदाहरण मानले जाते.

न्यायालयीन निर्णय

तात्पुरता मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठवण्यात आला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी आंबेडकर यांच्या बाजूने लागला. त्यावरील ठाणे न्यायालयातील अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या प्रकरणात १७ मार्च १९३७ रोजी वादींचे दुसरे अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यासमोर हे प्रकरण चालले. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी कालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे निकालाचे मुख्य सूत्र होते. निर्णय मालकी व रूढी या मुद्द्यांवर आधारलेला होता. अस्पृश्यता ही प्रथाच अवैध आहे, असे त्यात म्हटलेले नव्हते आणि तत्कालीन कायद्यात तशी तरतूदही नव्हती.

परिणाम व स्मरण

ठराव असूनही हक्क मिळत नाही आणि मिळवू गेल्यास मार बसतो, हा महाडचा अनुभव पुढील मागण्यांचा पाया ठरला. हक्कांना दंडात्मक तरतुदीचे संरक्षण हवे, ही ‘बहिष्कृत भारत’मधील मागणी स्वातंत्र्यानंतर कायद्यात उतरली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली असून, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरवले.

महाडमध्ये चवदार तळ्यावर आंबेडकर यांचा पुतळा असून मनुस्मृती दहनाच्या स्मरणार्थ क्रांतिस्तंभ उभारलेला आहे. दरवर्षी २० मार्च व २५ डिसेंबर रोजी येथे मोठ्या संख्येने लोक जमतात आणि तळ्याचे पाणी ओंजळीने घेऊन १९२७ च्या घटनेचे स्मरण करतात.

हेही पाहा

महाड
मनुस्मृती दहन
काळाराम मंदिर सत्याग्रह
गोपाळबाबा वलंगकर