शारीर परिभाषा, मराठीतील

शारीर परिभाषा, मराठीतील : मानवी शरीराचे अवयव, ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह), शरीरातील दिशा व प्रतले यांचा निर्देश करण्यासाठी मराठीत रूढ झालेल्या शास्त्रीय संज्ञांचा समुच्चय. या संज्ञांपैकी काही घरगुती बोलीतून, काही संस्कृत वैद्यकग्रंथांतून आल्या, तर काही विसाव्या शतकात नव्याने घडविण्यात आल्या. संस्कृत ग्रंथांतून आलेल्या अनेक शब्दांचे अर्थ वाटेत पालटले. एकाच शब्दाने वैद्य, शाळेतील शिक्षक आणि शल्यचिकित्सक यांनी निरनिराळ्या वस्तू ओळखाव्यात, अशी जी स्थिती आज दिसते तिचे मूळ या अर्थांतरात आहे.

बोलीतील शब्दसंपदा तुटपुंजी नाही. बरगडी, मणका, पोटरी, घोटा, माकडहाड, आतडे, पानथरी (प्लीहा) हे शब्द नेमके असून ते कोणास समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र शरीराच्या आत जसजसे शिरावे तसतशी बोली सैल होते. काळीज म्हणजे भावनेच्या भाषेत हृदय, तर खाटकाच्या दुकानात यकृत. ‘नस’ व ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनी आणि तंत्रिका (मज्जातंतू) या दोहोंसाठी सर्रास वापरले जातात. त्यामुळे ‘नस दबली’ असे म्हणणाऱ्या रुग्णाची तक्रार रक्ताभिसरणाची आहे की पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या तंत्रिकेची, हे केवळ शब्दावरून ठरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची पद्धत वर्णिलेली आहे. आतड्यांतील मळ काढलेले प्रेत मुंज इ. गवतांनी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात एकांत स्थळी कुजू द्यावे आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, वेळू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतील सर्व अंगे डोळ्यांनी पाहावीत, असे तीत सांगितले आहे. या ग्रंथात ३०० अस्थी, २१० संधी, ९०० स्नायू, ५०० पेशी, ७०० सिरा व १०७ मर्मे गणली आहेत. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० आहे. आधुनिक शारीरात प्रौढ माणसाची हाडे २०६ मानतात. या तफावतीवरून प्राचीनांचे निरीक्षण चुकीचे होते असा निष्कर्ष घाईने काढला जातो. परंतु सुश्रुताने दात (रुचक) आणि उपास्थी (तरुण अस्थी) यांनाही अस्थींत धरले आहे, चरकाने नखेही धरली आहेत. गणती निराळी, कारण वर्गाची व्याख्या निराळी. ए. एफ. आर. हर्न्ले यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावर लिहिलेल्या ग्रंथात या गणनांची तपशीलवार चिकित्सा केली.

संस्कृत ग्रंथांतील वरील संज्ञा मराठीत कशा उतरल्या हे पाहण्याजोगे आहे. सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा पृथक् पट्टा, म्हणजेच आजचा स्नायू. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकास दिला व मांसल भागास ‘स्नायू’ म्हटले. सुश्रुताचे स्नायू प्रामुख्याने बंधने होत. नावेच्या फळ्या जशा पुष्कळ बंधनांनी बांधल्या जातात तसे शरीराचे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात, अशी उपमा त्याने दिली आहे. या बंधनांना आता अस्थिबंध व कंडरा अशी नावे आहेत. हिंदीत पेशी हा शब्द जुन्या अर्थाच्या जवळ राहिल्यामुळे मराठी व हिंदी पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. रोहिणी व नीला यांची कथाही अशीच आहे. सुश्रुताने सिरांचे चार प्रकार सांगितले : वातवाहक अरुणा, पित्तवाहक नीला, कफवाहक गौरी व रक्तवाहक रोहिणी. प्रत्येक प्रकारच्या १७५ सिरा मिळून ७०० होतात. आधुनिक मराठीने यांतील दोन नावे उचलली आणि हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी, हृदयाकडे आणणारीस नीला म्हटले. शब्द जुने राहिले, सिद्धांत मात्र पूर्ण बदलला.

सर्वांत अडचणीचे उदाहरण ‘मज्जा’ या शब्दाचे आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र या सात धातूंपैकी हा सहावा. हाडांच्या पोकळीतील स्निग्ध पदार्थ असा त्याचा अर्थ आहे. मराठीत मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द मेंदूशी निगडित रचनांसाठी रूढ झाले, आणि हाडांतील पदार्थासाठी ‘अस्थिमज्जा’ असा खुलासेवार शब्द वापरणे भाग पडले. रक्तकोशिका तयार करणारे ऊतक आणि संवेदना वाहून नेणारे ऊतक यांचा परस्परांशी रचनेने वा कार्याने संबंध नाही. तरीही मज्जेचा विकार म्हटल्यावर कुटुंबीयांच्या मनात दोन्ही अर्थ उभे राहू शकतात. विश्वकोशाने तंत्रिका व मेरुरज्जू हे पर्याय स्वीकारले, तर शालेय पुस्तकांनी ‘चेता’ हा शब्द पसंत केला. परिणामी एका वस्तूस आज मराठीत तीन नावे आहेत. त्यांतील कोणतेही असमर्थ नाही, पण तिन्ही एकदम चालू ठेवण्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

आधुनिक शारीर मराठीत शिकविण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईत १८२६ मध्ये जॉन मक्लेनन यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या देशी वैद्यक शाळेत झाला. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयाचे माध्यम इंग्रजी होते. भाऊ दाजी लाड हे तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. सातव्या दशकात याच महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग चालविण्यात आले आणि सखाराम अर्जुन (१८३९–८५) यांच्यासारखे अध्यापक मराठीत शिकवू लागले. हे वर्ग टिकले असते तर परिभाषा वर्गात, विद्यार्थ्यांच्या तोंडी घासली जाऊन स्थिर झाली असती. तसे न झाल्याने पुढे ती कोशांत घडली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यावर विषयवार परिभाषा कोशांचे काम शासकीय पातळीवर आले, आणि मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये बाहेर पडला.

या काळातील चांगल्या घडणीचा नमुना म्हणून ‘ऊतक’ (ऊती) या संज्ञेकडे बोट दाखविता येईल. फ्रेंच शारीरविज्ञ मारी फ्रांस्वा झाव्ह्ये बिशा (१७७१–१८०२) यांनी सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता शरीरातील २१ प्रकारची ऊतके वेगळी केली व त्यांना विणलेल्या कापडाचे नाव दिले. संस्कृतातही ‘ऊत’ म्हणजे विणलेले. मराठीतील ‘ओतप्रोत’ या शब्दात ताण्याबाण्याची हीच कल्पना आहे. आज ऊतकांचे चार मूलभूत प्रकार मानतात : पृष्ठभाग व पोकळ्या आच्छादणारे उपकला ऊतक (अभिस्तर), आधार व जोड देणारे संयोजी ऊतक, आकुंचन पावणारे स्नायू ऊतक आणि तंत्रिका ऊतक. हाड, मेद व रक्त ही तिन्ही संयोजी ऊतकांत पडतात, हे प्रथम वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटते.

बाझेल येथे १८९५ मध्ये यूरोपीय शारीरविज्ञांनी सुमारे ५०,००० नावांचा पसारा आटोपून सुमारे ५,००० नावांची लॅटिन सूची मान्य केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. अज्ञात राशीसाठी बीजगणितात वापरले जाणारे अक्षर त्यांनी किरणांना दिले, आणि मराठी बीजगणितात त्या जागी ‘क्ष’ असल्याने ‘क्ष-किरण’ हे नाव आपोआप सिद्ध झाले. क्ष-किरण चित्रात हाड व हवा स्पष्ट दिसतात, मऊ ऊतके एकमेकांत मिसळतात. १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संगणकीय छेदचित्रणाने ही मर्यादा पुष्कळ कमी केली. त्यांच्या मापश्रेणीत पाण्याला ०, हवेला –१,०००. मेद शून्याच्या खाली, स्नायू किंचित वर व घट्ट हाड सुमारे १,००० च्या आसपास असते. चुंबकीय अनुस्पंदनाने तर अस्थिबंध व कंडराही वेगळ्या दाखविल्या. यामुळे पूर्वी केवळ शल्यचिकित्सकास लागणारी नावे सामान्य रुग्णापर्यंत पोहोचली. रायगड जिल्ह्यातील खांब, रोहे वा पेण येथील रुग्णाच्या हाती पडणारा अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. त्यातील उजवे-डावे रुग्णाच्या शरीराचे असते. आडवा छेद पायांकडून पाहिल्याप्रमाणे मांडत असल्याने रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. अग्र, पश्च, अभिमध्य, पार्श्व या दिशादर्शक संज्ञा तळहात पुढे करून ताठ उभ्या असलेल्या शरीरास धरून वापरतात. माणूस झोपला तरी त्या बदलत नाहीत.

श्राव्यातीत ध्वनिचित्रण ही संज्ञा कोशातच राहिली व सोनोग्राफी हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. या तंत्राचा स्त्रीगर्भ ओळखून पाडण्यासाठी दुरुपयोग होऊ लागल्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अंमलात आला. गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, असा फलक प्रत्येक केंद्रात इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लावणे त्याखालील नियमांनी बंधनकारक आहे. त्यामुळे ‘गर्भलिंगनिदान’ हा संस्कृत समास कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना महाराष्ट्रभर समजला जातो.